मुलगा सव्वादोन वर्षांचा, मोजकेच शब्द बोलतो. पाटण-कराड भागात कुठे दाखवावं?

पाटणची_आई:
नमस्कार. मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. कळतं त्याला सगळं. 'बाबांची चप्पल आण' म्हटलं की आणतो, मोटारसायकल वाजली की दाराशी पळतो. पण बोलणं म्हणजे आई, बाबा, दादा, भू, मंमं, हम्मा, बास. काही हवं असलं की माझा हात धरून ओढत नेतो. आठव्या महिन्यात झाला होता, त्यामुळे सुरुवातीला दहा-बारा दिवस काचेत ठेवला होता.

सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबाही तीन वर्षांचा होऊन बोलला, वेखंड उगाळून जिभेला लाव. एका डॉक्टरांनीही 'थांबा, बोलेल' एवढंच सांगितलं. कराडला खाजगी स्पीच थेरपी आहे, पण दर वेळची फी आणि जाण्यायेण्यात अख्खा दिवस. आठवड्यातून दोनदा कसं जमायचं? सरकारी काही सोय आहे का? आणि घरी मी काय करू?

नाना_कोरेगाव:
माझा नातू चौथं सरता सरता बोलायला लागला. आता शाळेत भाषणं करतो. उगाच घाबरू नका.

सेविका_ताई:
ताई, बाळाचं नाव अंगणवाडीत आहे ना? नसेल तर उद्याच घाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक प्रत्येक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. ही योजना २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत. लोकांना वाटतं, पथक येतं, वजन-उंची घेतं आणि जातं. तसं नाही. वाढीतला उशीर, ऐकणं, बोलणं हे सगळं त्यांच्या यादीत आहे.

पण त्या दिवशी अंगणवाडीत काय चित्र असतं ते मी दर वेळी बघते. निम्मी मुलं रडतायत, कोण पळतंय, कोण पेटीमागे लपलंय. अशात न बोलणारं मूल सगळ्यांत शहाणं दिसतं. 'गुणी बाळ आहे हो' म्हणून पुढे सरकवलं जातं. म्हणून त्याला आजीबरोबर पाठवू नका, शेतातलं काम एक दिवस राहू द्या. तुम्ही स्वतः डॉक्टरांपुढे उभ्या राहा आणि इथे लिहिलंत तसं सांगा. काचेत ठेवला होता हे आधी सांगा, दवाखान्यातून सुटतानाचं डिस्चार्ज कार्ड न्या. पुढे पाठवायची चिठ्ठी मागून घ्या. पथक यायला अवकाश असेल तर थांबू नका, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन पथकाची चौकशी करा.

वाचा_श्रवण:
मी स्पीच थेरपिस्ट आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांसोबतच काम करते. सेविकाताईंनी सांगितलेली चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जायचं. सगळे त्याला डीईआयसी म्हणतात. डॉक्टर, कान तपासणारे, थेरपिस्ट एकाच ठिकाणी मिळावेत यासाठीच ही केंद्रं आहेत. कुठे एखादी जागा रिकामी असते, म्हणून निघण्याआधी फोन करून वार विचारा.

नाना, तुमच्या नातवाचं ऐकून खरंच आनंद झाला. अशी मुलं असतात. पण दोन वर्षांच्या मुलाकडे बघून तो आपोआप बोलेल की नाही हे मलाही सांगता येत नाही. दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नासेक शब्द आणि 'आई ये', 'भू दे' अशी दोन शब्दांची जोडी अपेक्षित असते. ती नसेल तर तपासायचं. आणि वेखंड जिभेला लावू नका. बोलणं जिभेवर अडलेलं नसतं.

ताई, सगळ्यांत आधी कान. मोटारसायकल ऐकून पळतो म्हणजे ऐकू येतं, असं धरू नका. तो आवाज जाड आणि मोठा असतो. 'स', 'श', 'च' हे बारीक आवाज. तेवढेच ऐकू न येणारी मुलं हाकेला वळतात, पण शब्द त्यांना अर्धेच पोचतात. वारंवार सर्दी होत असेल तर पडद्यामागे पाणी साठूनही ऐकू कमी येतं, आणि त्यावर उपचार आहेत. तुमचं बाळ काचेत होतं, एवढ्या एका कारणावरूनही कानाची तपासणी व्हायलाच हवी. जिल्ह्यात सोय झाली नाही तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ पासूनची. कान आणि वाचा, दोन्हीचं काम तिथे चालतं.

एक विचारते. चंद्र दिसला, एसटी दिसली, तर 'ते बघ' म्हणून बोट दाखवतो का? हात धरून ओढणं वेगळं आणि तुम्हाला काही दाखवावंसं वाटणं वेगळं. आणि आधी येत असलेला एखादा शब्द गेला आहे का? बोट दाखवत नसेल किंवा शब्द गेला असेल, तर पथकाची वाट न बघता थेट जिल्ह्याला जा.

आता घरचं. 'हे काय? ते काय? म्हण ना!' ही परीक्षा बंद करा. न येणाऱ्या मुलाला ती फार जड जाते. तुम्ही भाकरी थापताय, तो शेजारी बसलाय, तर हातातलंच बोला. 'पीठ घेतलं. पाणी ओतलं. थाप थाप थाप. भाकरी फुगली!' छोटी वाक्यं, रोज तीच. मग एक दिवस 'थाप थाप...' म्हणून थांबा. त्याच्याकडे बघत मनात पाचपर्यंत मोजा. हे थांबणं आयांना सगळ्यांत अवघड जातं, कारण आपल्याला त्याचं सगळं न बोलता कळतं आणि आपण देऊन मोकळ्या होतो. तो 'था' म्हणाला तरी ते बोलणंच. तो 'भू' म्हणाला तर 'भू हवी? थंड भू' म्हणा. त्याचा शब्द घ्यायचा आणि त्याला एक जोडून परत द्यायचा. दूध आणि केळं दोन हातांत धरून 'दूध की केळं?' विचारा. हम्मा, भू, मंमं हे सगळे शब्द आहेत, ते मोजा. केंद्रात यादी विचारतील, लिहूनच न्या.

पाटणची_आई:
बोट दाखवतो! विमान गेलं की आधी तोच दाखवतो. शब्द गेलेले नाहीत. सेविकाबाईंनीच ग्रामीण रुग्णालयात बोलून चिठ्ठी मिळवून दिली, साताऱ्याला बेरा म्हणजे कानाच्या तपासणीची तारीख मिळाली आहे. अजून दोन गोष्टी. मोबाइलवरची गाणी बघून 'ए फॉर ॲपल' म्हणतो, पण पाणी हवं असलं तर 'भू'सुद्धा क्वचित म्हणतो. मोबाइल बंद करू का? आणि जाऊबाई म्हणतात, इंग्रजी नर्सरीत घाला, बोलेल.

वाचा_श्रवण:
बोट दाखवतो हे वाचून फार बरं वाटलं.

'ए फॉर ॲपल' हे पाठ झालेलं आहे, त्यातून त्याला तुमच्याशी काही बोलायचं नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार या वयाला दिवसभरात एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी तेवढं बरं. जेवताना आधी बंद करा, बोलायला मिळणारा सर्वांत चांगला वेळ तोच. बाबांशी व्हिडिओ कॉल मात्र जरूर चालू ठेवा, तिथे समोरून उत्तर येतं. नर्सरीची घाई नको. तुमच्या घरात जी बोली बोलता तीच भरभरून बोला, 'पोराशी शुद्ध बोला' कुणी म्हटलं तरी.

बेरा करताना कपाळावर आणि कानामागे छोट्या चकत्या चिकटवतात, दुखत नाही, पण मूल गाढ झोपलेलं लागतं. म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा आणि मुख्य म्हणजे साताऱ्याच्या प्रवासात झोपू देऊ नका. खिडकीशी बसवून गाड्या दाखवत न्या. त्याची रोजची गोधडी सोबत असू द्या. झोपेचं औषध लागलं तर तिथले डॉक्टर देतील, घरून काही पाजून नेऊ नका. सर्दी किंवा कान फुटलेला असेल तर निघायच्या आधी फोन करा. आणि रिपोर्ट काहीही आला तरी त्याच दिवशी थेरपीची पहिली तारीख घेऊनच परत या.