सॉफ्टनर घेण्याआधी पाणी कुठलं ते बघा

गोव्यात फोंड्यात नवीन फ्लॅट घेतलाय, गिझरमध्ये क्षार साचू नयेत म्हणून सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, बसवू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, घाई नको. फोंड्याला नळाचं पाणी येतं ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून, म्हणजे खांडेपार नदीचं. जांभ्याच्या मुलखातलं हे पाणी मुळात हलकं, म्हणजे क्षार कमी असलेलं. आमच्या किटलीच्या तळाशी इतक्या वर्षांत पांढरा थर धरलेला नाही, आणि साबण धुऊन काढायलाच उलट जास्त पाणी लागतं.

पण टाकीत बोअरचं पाणी मिसळतात का, हे सोसायटीत आवर्जून विचारा. आमच्या आधीच्या बिल्डिंगीत मिसळायचे. बादलीला तांबूस कड यायची, पांढरे कपडे पिवळट पडायचे. ते लोह. नुसता टीडीएस मीटर (विरघळलेले एकूण क्षार दाखवणारं यंत्र) बुडवून ते कळत नाही, जडपणाही (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) नेमका कळत नाही. प्रयोगशाळेत दोन्ही वेगवेगळे तपासून घ्या. भारतीय मानकात जडपणाची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 600.

पावसाळ्यात मात्र गढूळपणा सांभाळा. टाकी धुऊन घ्या, पाणी गाळून उकळून प्या.