‘हार्थ’ आणि ‘हीट रेझिस्टंट’ला मराठीत काय लिहू?

दुपारचा_चहा
फायरप्लेस बांधण्याच्या एका अमेरिकी पुस्तिकेचं मराठी करतेय. लोणावळा-महाबळेश्वरला बंगले बांधणाऱ्या मुंबईकरांसाठी आहे, म्हणजे वाचणार मालक कमी आणि साइटवरचा सुपरवायझर जास्त. दोन ठिकाणी अडलंय. ‘हार्थ’ म्हणजे आग पेटते तो तळ आणि त्याच्यापुढे खोलीत आलेला दगडी पट्टा, दोन्ही मिळून. मी ‘चूल’ लिहिलं, संपादकांनी खोडलं. म्हणाले, दिवाणखान्यात चूल वाचून गिऱ्हाईक पळेल. दुसरा शब्द भोवतालच्या भिंतींसाठीचा, ‘हीट रेझिस्टंट’. तिथे मी ‘उष्णतारोधक’ केलंय. ते तरी चालेल ना?

शेवगा
संपादक बरोबर आहेत. घरोघरी मातीच्या चुली खऱ्या, पण चूल स्वयंपाकाची. ‘आगटी’ घ्या.

चिंचपोकळी_स्लो
आगटी? आमच्या जुन्नरकडे आगटीत हुरडा भाजतात. दिवाणखान्यात हुरडा पार्टी का?

शेवगा
शब्दाचा अर्थ वाढतो हो. ‘गाडी’ काय बैलाचीच राहिली?

कऱ्हाडची_थोरली
‘भानुशी’ कुणाला आठवते का? चुलीच्या मागचा मातीचा ओटा. आजी उतरवलेली आमटी तिथे सरकवायची, उशिरा जेवणाऱ्याला गरम मिळायची. आगीला लागून असलेला, पण आग नसलेला बांधीव भाग. ताईंना हाच हवाय.

रत्नांग्री_हापूस
काहीतरीच. आमच्याकडे भानस म्हणजे चूलच. भानशीवर भात ठेवतात, मागे नाही.

कऱ्हाडची_थोरली
तुमच्याकडे असेल. भानुशीवर मांजर झोपायचं आमच्या. चुलीवर झोपेल का?

ओळंबा
पंचवीसेक वर्षं बांधकामात आहे, म्हणून लांबण लावतो. हार्थपेक्षा मला धास्ती ‘उष्णतारोधक’ची वाटते. जलरोधक म्हणजे पाणी पलीकडे जाऊ न देणारं. त्याच चालीवर उष्णतारोधक वाचलं की सुपरवायझर समजणार, ही टाइल लावली की मागे ऊब पोचणार नाही. मूळ शब्दाचा अर्थ मात्र, टाइलला स्वतःला उष्णतेने काही होणार नाही, एवढाच. खंडाळ्याला असंच काम उकलताना पाहिलंय. टाइल चकचकीत, एक तडा नाही. मागचा प्लाय काळपट पडलेला, नखाने खरवडला की भुगा. लाकूड असं महिनोन्‌महिने तापत राहिलं की नव्या लाकडापेक्षा कमी तापमानालाही पेट घेऊ शकतं.

तेव्हा शब्द तीन हवेत. न जळणारं वेगळं, तापून टिकणारं वेगळं, ताप अडवणारं वेगळं. लोखंडी पत्रा जळत नाही, पण मागची भिंत तापवतो. म्हणून तर आडोशाचा पत्रा भिंतीला चिकटवत नाहीत, मागे इंचभर पोकळी ठेवतात आणि ती खाली-वर उघडी, म्हणजे हवा खेळते. रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, ताप अडवतं, पण ते उघड्या आगीपुढचं फिनिश नव्हे. जिप्सम बोर्डात वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पाणी बांधलेलं असतं. आग लागली की ते वाफ होऊन वेळ काढून देतं. ते एकदाचं. रोजच्या शेकोटीला तो बोर्ड हळूहळू ठिसूळ होतो.

ग्रॅनाइटचंही तसंच. पुढच्या पट्ट्याला उत्तम, निखाऱ्याखाली नको. त्यातला क्वार्ट्झ 573 अंश सेल्सियसला रचना बदलून एकदम फुगतो आणि दगड तडकतो. तळाला फायर ब्रिकच, आणि सांध्यात फायरक्लेचा, म्हणजे ताप सोसणाऱ्या मातीचा मसाला. साधं सिमेंट नको.

मराठी_असे_आमुची
‘फायर ब्रिक’, ‘फायरक्ले’! मराठी विश्वकोशात ‘उच्चतापसह’ असा नेमका शब्द आहे. ‘सह’ म्हणजे सोसणारा. ‘उच्चतापसह वीट’ लिहा, न जळणाऱ्यासाठी ‘अदाह्य’ लिहा. तीनपैकी दोन प्रश्न मिटले.

ओळंबा
शब्द चोख आहे, मान्य. पण दुकानात जाऊन उच्चतापसह वीट मागा, पोरगा आत जाऊन मालकाला बोलावून आणेल.

मराठी_असे_आमुची
वापरलाच नाही तर कळणार कसा? ‘महापौर’सुद्धा कधीतरी नवाच होता.

दुपारचा_चहा
ओळंबाकाका, हे फार कामाचं. आता कळतंय की हार्थलाही एक शब्द पुरणार नाही. पुस्तिकेत आहे, तोंड 6 चौरस फुटांहून लहान असेल तर हार्थ पुढे 16 इंच आणि दोन्ही बाजूंना 8 इंच. त्याहून मोठं तोंड असेल तर 20 आणि 12. तिथे ‘चूल 16 इंच पुढे घ्या’ म्हटलं तर वाट लागेल.

चिंचपोकळी_स्लो
पुढच्या पट्ट्याला ‘लादी’ म्हणा, मुंबईत सगळ्यांना कळतं. शब्द पोर्तुगीज ‘लाद्रिल्यो’वरून आलाय. पावासारखाच.

शेवगा
लादी ‘लादणे’वरून. प्रत्येक गोष्ट पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरवायची खोड आहे लोकांना.

चिंचपोकळी_स्लो
आणि लादीपाव? तोही लादतात वाटतं?

रत्नांग्री_हापूस
पाव एकमेकांना चिकटून अख्खी लादीच निघते, म्हणून लादीपाव. आता लाकडाच्या भट्ट्या तरी कुठे राहतायत म्हणा. 2025 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याचा ब्रून आता तसा लागत नाही.

कऱ्हाडची_थोरली
चव विटांची असते, लाकडाची नाही. तापलेली वीट ताप धरून ठेवते.

रत्नांग्री_हापूस
धुराची असते चव.

दुपारचा_चहा
मंडळी, हार्थ!

मराठी_असे_आमुची
‘अग्नितल’ आणि ‘अग्रपट्ट’.

शेवगा
अग्रपट्ट ऐकून मिस्त्री कमरेचा पट्टा चाचपेल. ‘पुढची फरशी’ लिहा.

ओळंबा
फरशी लिहिलंत की शहाबादी येऊन पडेल. चुनखडीचा दगड तो, निखाऱ्याखाली नको.

शेवगा
मी पुढच्या पट्ट्याबद्दल बोलतोय हो, खालच्या नाही.

ओळंबा
साइटवर तुम्ही उभे राहणार का हे सांगायला?