मदत हवी आहे: कल्हईचं कथील शुद्ध आहे की शिसं मिसळलेलं, कसं ओळखायचं?

अमळनेरला घरी पितळी पातेली आहेत, आतली कल्हई उडालीय. त्यात चिंचेची आमटी शिजवायची आहे, म्हणजे नुसती शोभेची कल्हई चालणार नाही. पातेली जड आहेत, कुरिअरने पाठवणं परवडत नाही. धुळे-जळगावपर्यंत नेता येतील.

एक कल्हईवाले भेटले. नवसागर, कापूस, भट्टी सगळं व्यवस्थित, पण त्यांच्याकडची कांडी जरा काळपट वाटली. विचारलं तर म्हणे, "सगळं असंच येतं भाऊ." शिसं मिसळलं की कांडी स्वस्त पडते, त्यामुळे शंका जात नाही.

शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं, तर शिसं मिसळलेलं कथील त्याआधीच, एवढं ठाऊक आहे; पण भट्टीपाशी तापमान मोजणार कोण! शुद्ध कांडी वाकवली की करकरते आणि शिसं कागदावर करडी रेघ उमटवतं, हेही माहीत आहे. घरी आणलेल्या तुकड्याची रेघ अगदी फिकट आली, करकर मात्र नीट कळली नाही.

स्टीलची भांडी घ्या, हे कृपया सांगू नका.

थोडंच शिसं असेल तर या खुणांनी ते कळतं का? आणि कथील स्वतः विकत आणून कल्हईवाल्याला द्यायचं, तर जळगाव-धुळ्यात खात्रीचं कुठे मिळेल?