मेपल म्हणजे फक्त ऑक्टोबर? आणि तो मेपल तरी इथला आहे का?

पानगळ_टोरांटो: काल एका ताईंनी इथे फोटो टाकला होता, जुलैमधलं गडद जांभळट-लाल पानांचं झाड, आणि खाली लिहिलं होतं, "आमच्या कॅनडाचा लाडका मेपल! तसंही ऑक्टोबरचे दोन आठवडे सोडले तर मेपलमध्ये फोटो काढण्यासारखं असतं काय, नुसता हिरवा पसारा." लाइक्सचा पाऊस पडलाय. मला राहवत नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ते झाड कॅनडाचं नाहीच. ते क्रिमसन किंग, म्हणजे युरोपातल्या नॉर्वे मेपलची नर्सरीवाल्यांनी वाढवलेली जात. उन्हाळाभर ते तसंच जांभळट-लाल दिसतं. आपल्या दक्षिण ओंटारियोतले इथले मेपल म्हणजे शुगर, रेड, सिल्व्हर वगैरे. शंका आली तर पान तोडून देठ मोडून बघा, उंबरासारखा पांढरा चीक आला की नॉर्वे समजा. शुगर मेपलचा रस पाण्यासारखा असतो.

दुसरी गोष्ट, "हिरवा पसारा". एप्रिलमध्ये बाहेर पडून रेड मेपलकडे बघितलंय का कधी? एकही पान आलेलं नसतं आणि उघड्या फांद्यांवर लाल झुबके फुटलेले असतात. जवळून बघा, नर फुलांतून केसर लांब बाहेर येतात, मादी फुलांची टोकं नुसती गडद लाल, आणि एकाच झाडावर दोन्ही सापडू शकतात. मॅक्रो लेन्स लावून वारा थांबायची वाट बघत उभं राहावं लागतं. मग शुगर मेपल फुलतो, हिरवट-पिवळी फुलं बारीक दोऱ्यांवर लोंबतात, मागून ऊन आलं तरच नीट दिसतात. रेड मेपलच्या पंखवाल्या बिया उन्हाळ्याच्या तोंडालाच गळतात, शुगरच्या थेट पानगळीच्या वेळी. भर हिवाळ्यातही शुगरची कळी टोकदार तपकिरी आणि रेडची बोथट लाल, बर्फाच्या पार्श्वभूमीवर दोन्ही वेगळ्या कळतात. एकच झाड धरा, एकाच जागी उभं राहून वर्षभर काढा, मग सांगा पसारा आहे का ते.

मिसिसॉगाची_वहिनी: ती ताई मीच. मुलं, नोकरी, घर सांभाळून संध्याकाळी पाच मिनिटं मिळाली, समोरचं झाड सुंदर दिसलं, फोटो काढला. त्याला चीक येतो का हे बघायला मी काय वनस्पतीशास्त्राची परीक्षा देत होते? आणि बँक ऑफ कॅनडाच्या 20 डॉलरच्या नोटेवरचं पानसुद्धा नॉर्वे मेपलसारखं आहे असं एका वनस्पतीतज्ज्ञाने म्हटलं होतं ना? आधी त्यांच्याशी भांडा.

पानगळ_टोरांटो: भांडण झालंच होतं. 2012 मध्ये प्लॅस्टिकची नोट आली, त्यानंतर तो वाद पेटला, आणि बँकेने सांगितलं की ते कुठल्याच एका जातीचं पान नाही, कलाकाराने बनवलेलं आहे. म्हणजे नोटेवर काल्पनिक पान चालतं. पण तुम्ही फोटो टाकलाय, चित्र नाही. फोटोखाली नाव लिहिलं की ते खरं हवं.

रॉ_फाइल: नावाचं सोडा हो, खरा रोग वेगळाच आहे. सॅच्युरेशनचा, म्हणजे रंग भडक करायचा, स्लायडर! लोक ओंटारियोतल्या अल्गॉनक्विन पार्कला सप्टेंबरअखेर जाऊन येतात आणि असे फोटो टाकतात की पान आहे की ट्रॅफिक सिग्नल कळत नाही. लाल रंग इतका भडकलेला असतो की तपशील पार उडतो, शिरा दिसत नाहीत, नुसते लाल डाग. अरे, एक्स्पोजर (फोटोचा उजेड) थोडं कमी ठेवा, हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, लाल रंग वेगळा तपासा, ओल्या पानांवरची चमक काढायला लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावा, ढगाळ दिवशी जा. मी हे दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी लोक मलाच "रंगांचा शत्रू" म्हणतात.

मिसिसॉगाची_वहिनी: माझा फोटो फोनवरचा आहे, स्लायडरला हातही लावलेला नाही.

रॉ_फाइल: फोनच लावतो, तुम्हाला न विचारता. पण असो, तुमच्या झाडाची पानं मुळातच तशी आहेत, तेवढं मान्य.

एडिसनचा_नाना: मला मूळ पोस्टमधलं ते "इथला" आणि "बाहेरचा" अजिबात आवडलं नाही. आपण सगळे बाहेरून आलोय. नॉर्वे मेपल अठराव्या शतकात अमेरिकेत आला, एल्मची झाडं रोगाने गेली तेव्हा याच झाडाने रस्त्यांना सावली दिली, आणि आता तुम्ही त्याला कॅनडाचा नाही म्हणता? माझ्या मुलीला शाळेत "तू मूळची कुठची" विचारतात तेव्हा असंच वाटतं मला. झाडाला पासपोर्ट मागू नका.

पानगळ_टोरांटो: नाना, माणसांची गोष्ट झाडांना चिकटवू नका, दोघांवरही अन्याय होतो. मुलीला असं विचारतात याचा मलाही तुमच्याइतकाच राग येतो. पण टोरांटोच्या रेव्हिनमध्ये, म्हणजे शहरातल्या झाडीच्या घळींमध्ये, जाऊन बघा. नॉर्वे मेपलची सावली इतकी दाट आणि मुळं इतकी वर पसरलेली की खाली शुगरची रोपं, रानफुलं तग धरत नाहीत, नॉर्वेचीच पिल्लं उगवतात. ऑक्टोबरअखेर बाकी झाडं उघडी झाली तरी तो हिरवागार असतो, मी त्या आठवड्यात मुद्दाम फोटो काढतो, कारण तेव्हा नुसत्या डोळ्यांनी मोजता येतं की जंगल किती त्याने घेतलंय.

एडिसनचा_नाना: मग तोडा सगळे! सावली तुम्ही देणार का?

टेकडीवरचा_पुणेकर: नाना, चिडा हवं तर, पण पानगळ बरोबर बोलतायत. आमच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया नावाचा वृक्ष लावला, मध्य अमेरिकेतला, भराभर वाढतो म्हणून. लोक खूश, टेकडी हिरवी झाली म्हणे. अहो, ती गवताची टेकडी होती! त्या गवतावर जगणारे पक्षी गेले आणि वनीकरणाचा बोर्ड राहिला. आता तिथे फोटो काढायला गेलो की सगळीकडे तीच एक फांदी. माझं म्हणणं असं की ज्यांना लाल पानं हवीत त्यांनी मार्चमध्ये सह्याद्रीत कुसुंबाचं झाड बघावं, कोवळी पालवी अशी लालभडक येते की लांबून फुलंच वाटावीत. त्याचे फोटो कोण काढतं? सगळे गुलमोहराच्या मागे, आणि तो मादागास्करचा.

मिसिसॉगाची_वहिनी: आता गुलमोहरही काढून घ्या आमच्याकडून. शाळेच्या शेवटच्या पेपरला अंगणात तोच फुललेला असायचा. कुणी तेव्हा सांगितलं नाही की आठवण काढण्याआधी मूळ गाव विचार.

टेकडीवरचा_पुणेकर: आठवण ठेवा ना, कोण नाही म्हणतंय. रस्त्यावरचा गुलमोहर वेगळा आणि टेकडीभर एकच परदेशी झाड वेगळं.

एडिसनचा_नाना: हे आधी बोलायचं होतंत. रस्त्यावर आणि जंगलात फरक आहे हे मला पटतं, पण पानगळसाहेबांचा सूर तसा नव्हता.

पानगळ_टोरांटो: सूर कडक होता कारण ते चुकीचं नाव ढीगभर लोकांनी शेअर केलं. रस्त्यावरचं झाड तोडा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. नवीन लावताना नर्सरीत रेड किंवा शुगर मागा, एवढंच म्हणणं आहे, आणि हिवाळ्यात बर्फावर मीठ टाकतात त्या रस्त्याकडेला शुगर लावू नका, त्याला मीठ सोसत नाही.

रॉ_फाइल: मूळ प्रश्न वर्षभर फोटो काढायचा होता. मार्चमध्ये काय काढायचं ते कुणी बोललंच नाही. रात्री गोठतं, दिवसा वितळतं, तेव्हा शुगरचा रस वाहतो, साधारण 40 लिटर रसाचं 1 लिटर सिरप. रस बादलीत पडायला झाडाला लावलेल्या नळीच्या टोकावरचा थेंब, मागून ऊन येत असताना, काढा.

मिसिसॉगाची_वहिनी: थेंब बघीन जमलं तर. एप्रिलची लाल फुलंही बघीन, उत्सुकता लागली आहे हे कबूल. पण समोरचं माझं ते जांभळं झाड मी वर्षभर काढणार आहे, एकाच खिडकीतून, आणि इथेच टाकणार.

पानगळ_टोरांटो: जरूर टाका, मी बघेन. खाली फक्त "नॉर्वे मेपल, क्रिमसन किंग" लिहा. पुन्हा "कॅनडाचा मेपल" लिहिलंत तर मी पुन्हा एवढंच लांब लिहीन.