न्यायाधीश पार्कर यांची ज्यूरीपुढील भाषणे : मार्गदर्शन की फिर्यादीचे वकीलपत्र?

मूळ लेख

अर्कान्सामधील फोर्ट स्मिथ येथे १८७५ ते १८९६ या काळात न्यायदान करणारे आयझॅक पार्कर ‘फाशी देणारा न्यायाधीश’ म्हणून ओळखले जातात. त्यांनी १६० जणांना देहदंड सुनावला आणि त्यांपैकी ७९ जण प्रत्यक्ष फासावर गेले. माझा आक्षेप या आकड्यांवर नाही. तो ज्यूरी विचारविनिमयासाठी आत जाण्यापूर्वी ते करीत असलेल्या भाषणांवर आहे. हेन्री स्टार याने १८९२ मध्ये वॉरंट घेऊन आलेल्या फ्लॉइड विल्सन याला गोळ्या घातल्या. हे कृत्य स्वसंरक्षणाचे होते की नाही, हे ज्यूरीने ठरवायचे होते. पार्कर यांनी मात्र आपल्या अधिकारक्षेत्रातील इंडियन टेरिटरी या प्रदेशाला गोल्गोथा (येशूला क्रुसावर चढवले ती वधभूमी) म्हटले आणि तेथे माणूस धाडून त्याला संरक्षण न देणे हा केवढा अन्याय, केवढी थट्टा, केवढा रक्तरंजित गुन्हा ठरेल, अशा शब्दांची सरबत्ती केली. हे ऐकून आत गेलेल्या बारा जणांनी आरोपीची बाजू मोकळ्या मनाने तोलली असेल, असे कोणी छातीठोकपणे सांगावे.

प्रतिसाद १

आपण भाषण वाचलेत, प्रदेश पाहिला नाहीत. इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, गोऱ्या गुन्हेगारांवर चेरोकी किंवा क्रीक या मूळनिवासी जमातींच्या न्यायालयांचा अधिकार चालत नसल्यामुळे इतर राज्यांतून पळालेल्यांना तेथे रान मोकळे होते, आणि पार्कर यांनी धाडलेल्या उपमार्शलांपैकी (न्यायालयाची वॉरंटे बजावणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी) साठांहून अधिक जण मारले गेले. शिवाय संघराज्याच्या न्यायालयात पुराव्यावर मतप्रदर्शन करण्याची मुभा न्यायाधीशाला होतीच. एकमत न झालेल्या ज्यूरीला त्यांनी अ‍ॅलन खटल्यात केलेले निवेदन (अल्पमतातल्यांनी आपले मत पुन्हा तपासावे, असे सांगणारे) सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये उचलून धरले, आणि त्याच धर्तीचे निवेदन अमेरिकेतील अनेक न्यायालयांत आजही केले जाते.

प्रतिसाद २

अ‍ॅलनचे उदाहरण सोयीचे आहे, पण देहदंडाची जी प्रकरणे वर गेली, त्यांपैकी बहुसंख्य सर्वोच्च न्यायालयाने उलटवली, हे आपण का गाळलेत? न्यायाधीशाचा सहज निघालेला शब्दही ज्यूरी आदराने ऐकते आणि तोच निर्णायक ठरू शकतो, असे स्टारच्या निकालात स्पष्ट म्हटले आहे. हिकरी खटल्यात आरोपीच्या पळून जाण्याचा अर्थ लावताना पार्कर यांनी बायबलमधील नीतिसूत्रांचा आधार घेतला: कोणी पाठीस लागले नसतानाही दुष्ट पळतो, आणि नीतिमान सिंहासारखा धीट असतो. निरपराध माणूसही भीतीने पळतो, ही शक्यता अशाने ज्यूरीच्या नजरेआडच होते. भाषणाच्या जोशाचे मला काही वाटत नाही. अनुमान सक्तीचे करणे मात्र अक्षम्य आहे.

प्रतिसाद ३

आपल्याकडच्या वाचकांना नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाचा खटला आठवेल. तेथे ज्यूरीने आरोपीला निर्दोष ठरवले, तरी सत्र न्यायाधीशांच्या निवेदनात ज्यूरीची दिशाभूल झाल्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा निष्कर्ष सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये मान्य केला. निवेदनातील चूक आरोपीच्या बाजूनेही झुकू शकते, हे पार्कर यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आणि त्यांच्या विरोधकांनी, दोघांनीही ध्यानात घ्यावे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

बायबलचे वचन मलाही खटकते, तेवढे मान्य. पण शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची खात्री महत्त्वाची, हे पार्कर यांचे मत होते, आणि ती खात्री असेल तर देहदंड रद्द करण्यासही त्यांची तयारी होती. जोशात बोलणारा प्रत्येक न्यायाधीश रक्तपिपासू नसतो. राष्ट्राध्यक्षांकडे दयेची दाद मागता येत असे आणि त्यातून कित्येकांच्या शिक्षा सौम्यही झाल्या.

मूळ लेखक

दया आणि अपील यांची गल्लत करू नये. त्या न्यायालयाच्या देहदंडावर सर्वोच्च न्यायालयात अपिलाची सोय १८८९ मध्ये झाली. तोवरची चौदा वर्षे ज्यूरीला काय सांगितले गेले, हे तपासणारे वरचे न्यायालयच नव्हते. स्टारला अपील मिळाले म्हणून तो वाचला आणि पुढे सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल करून फाशीतून सुटला. ३ सप्टेंबर १८७५ रोजी एकाच वेळी फासावर गेलेल्या सहा जणांना तशी संधी नव्हती.