१५० हर्ट्झला ३ ने भागले, बरोबर ५० मिळाले, तरी ट्रान्सफॉर्मर का तापतो?

देवगड_सोल्डर

नमस्कार मंडळी. आजोबा मुंबईला गिरणीत होते. कायमचे गावी आले तेव्हा ट्रंकेतून एक रेकॉर्ड प्लेअर घेऊन आले. मोटर २३० व्होल्ट एसीची, सिंक्रोनस, म्हणजे तिचा वेग पुरवठ्याच्या हर्ट्झवर ठरतो. गणपतीत मुंबईची मंडळी घरी आली की त्याच्यावर भजनाच्या तबकड्या लागल्याच पाहिजेत, असा आईचा हट्ट. पण ऐन पावसात आमच्याकडे लाईटचा काय भरवसा? वारा सुटला की फांदी तारेवर. इन्व्हर्टर घरात नाही. आंब्याच्या फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी मात्र आहे, म्हणून तिच्यावर ५० हर्ट्झ तयार करायला घेतले. (आवाजाचा ॲम्प्लिफायर आधीपासून १२ व्होल्टवरच आहे.)

क्रिस्टल एका मेलेल्या बोर्डावरून काढला, २.४५७६ मेगाहर्ट्झचा. तो ४०६० ला, म्हणजे २-२ ने भागत जाणाऱ्या चिपला, लावला. ३ नंबरच्या पायावर १६,३८४ ने भागून बरोबर १५० हर्ट्झ येतात. पुढे ४०१३ चिपमधले दोन फ्लिपफ्लॉप (क्लॉकच्या ठोक्याला डी पायावर जे असेल ते क्यू पायावर धरतात; क्यू-बार म्हणजे क्यूच्या उलट) आणि ४००१ चे एक नॉर गेट (दोन्ही इनपुट खाली असले तरच उंच) घेऊन ३ ने भागले: दोन्ही क्यू नॉरमधून पहिल्याच्या डीला, पहिल्याचा क्यू दुसऱ्याच्या डीला. दुसऱ्याचा क्यू आणि क्यू-बार दोन मॉसफेटला (चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर), आणि ते १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर उलटा लावून त्याच्या दोन टोकांना.

मीटर ५०.० हर्ट्झ दाखवतो, तबकडीचा वेगही बरोबर. पण ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि दहा मिनिटांत हात लावता येत नाही. एक मॉसफेट गार, दुसरा भाजतो. दोनदा मॉसफेट बदलला. दुकानदार म्हणतो ट्रान्सफॉर्मर मोठा घे. मला ते पटत नाही, मोटर जेमतेम १० वॅटची आहे.

निवृत्त_वायरमन

मेल्या, ट्रान्सफॉर्मर तापलो तर आधी बंद कर, मगे विचार! तिकडे २३० व्होल्ट आसत. पोरांका लांब ठेव.

खाडीपलीकडे

एवढा खटाटोप कशाला? ४०१७ ही दहापर्यंत मोजणारी चिप घे, चौथा आउटपुट रिसेटला जोड, झाले ३ ने भागून.

तंत्रनिकेतन_मॅडम

खाडीपलीकडे, त्याने भागाकार होईल, पण दुखणे तसेच राहील. ४०१७ चा प्रत्येक आउटपुट एकच ठोका उंच असतो, म्हणजे तिनातला एक. त्याचा कॅरी आउट अर्धा-अर्धा असतो (० ते ४ उंच, ५ ते ९ खाली), पण पूर्ण दहा मोजले तरच.

देवगड, एक काम करा. दोन्ही मॉसफेट काढून ठेवा आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून दुसऱ्या फ्लिपफ्लॉपच्या क्यूवर लावा. साधा मीटर सरासरी दाखवतो. किती येतात ते सांगा, बॅटरीचेही सांगा.

देवगड_सोल्डर

बॅटरी १२.४. क्यूवर ४.१, क्यू-बारवर ८.३.

तंत्रनिकेतन_मॅडम

मग झालेच निदान, लाट पडद्यावर दाखवणाऱ्या स्कोपची गरज नाही. १२.४ चा तिसरा हिस्सा ४.१. तुमची लाट २० मिलिसेकंदांपैकी ६.६७ उंच आणि १३.३३ खाली आहे. मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवर ठरतो, म्हणून तबकडीला फरक कळत नाही. पण ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला दुप्पट वेळ १२ व्होल्ट मिळतात. जाताना गाभ्यात जितके चुंबकत्व भरते तितके येताना उतरत नाही. गाभा सॅच्युरेट होतो, आणखी चुंबकत्व घेत नाही, मग वायंडिंग म्हणजे नुसती तार, आणि त्या बाजूचा मॉसफेट भाजतो. मोठा ट्रान्सफॉर्मर घेतला तर तोही असाच तापेल, थोडा उशिरा.

(गंमत म्हणजे एक-तृतीयांश रुंदीच्या पल्समध्ये तिसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट लहर) अजिबात नसतो. पण दुसरा, १०० हर्ट्झचा, भरपूर असतो. अर्ध्या-अर्ध्या लाटेत सम हार्मोनिक सगळेच जातात.)

वर्गात विषम भागाकाराचा उपाय शिकवतो तो असा. तिसरा फ्लिपफ्लॉप घ्या, त्याच्या डीला दुसऱ्याचा क्यू, आणि त्याला क्लॉक उलटा करून द्या. तो तीच लाट अर्धा ठोका, म्हणजे ३.३३ मिलिसेकंद उशिरा काढतो. दोन्ही ऑर केल्या (कुठलीही एक उंच तर बाहेर उंच) की ६.६७ अधिक ३.३३, बरोबर १०. अट एकच: आत येणारा क्लॉक स्वतः अर्धा-अर्धा हवा. ४०६० चा प्रत्येक पाय २ ने भागूनच आलेला असतो, त्यामुळे तुम्हाला तिथे अडचण नाही.

पण तुमच्या जागी मी हे करणार नाही. ३ नंबरच्या पायावरची वायर काढून २ नंबरच्या पायावर लावा. तिथे ३०० हर्ट्झ आहेत. तुमचे आहे तेच सर्किट ३ ने भागून १०० देईल, वेडेवाकडे का असेना. ते १०० तिसऱ्या फ्लिपफ्लॉपच्या क्लॉकला द्या, त्याचा क्यू-बार त्याच्याच डीला. तो फक्त चढती कड बघतो आणि चढत्या कडा दर १० मिलिसेकंदांनी येतात. मधली रुंदी काही का असेना, बाहेर १० उंच, १० खाली. २ चा भागाकार नेहमी शेवटी ठेवायचा. ७४९० या काउंटर चिपने १० ने भागतानाही हेच: आधी ५, मग २ केले तर लाट सारखी. उलट केले तर शेवटच्या पायावर दोन ठोके उंच, आठ खाली. दरवर्षी प्रॅक्टिकलला निम्मी मुले इथेच अडकतात.

खाडीपलीकडे

मॅडम, पटले. माझ्या डब्यात एक ७४९२ काउंटर चिप पडून आहे, त्याचा ६ चा भाग आतूनच ३ आणि मग २ आहे. पण त्याला ५ व्होल्ट लागतील.

तंत्रनिकेतन_मॅडम

हो, म्हणूनच १२ वर चालणारा ४०१३ बरा. तीन फ्लिपफ्लॉपचा जॉन्सन काउंटरही (शेवटच्याचा क्यू-बार पहिल्याच्या डीला) ६ ने भागतो आणि लाट सारखी देतो, पण सुरू होताना ०१० किंवा १०१ मध्ये पडला तर त्या दोघांतच फिरत बसतो. देवगडचे दोन फ्लिपफ्लॉपवाले सर्किट ११ मध्ये सापडले तरी पुढच्या ठोक्याला आपोआप वाटेवर येते. ते मोडू नका.

देवगड_सोल्डर

मॅडम, एक ४०१३ जास्तीचा होताच. काल रात्री वायर हलवली. आधी काहीच धड होईना, आउटपुट मनाला येईल तसा. मग दिसले की नव्या ४०१३ चे ४ आणि ६ नंबरचे पाय, रिसेट आणि सेट, मोकळेच लोंबत होते. बोर्डावर फुंकर मारली तरी फ्रिक्वेन्सी बदलायची! आमच्याकडच्या दमट हवेत असे पाय अँटेनाच होतात. ते दोन्ही ग्राउंड केले. न वापरलेल्या अर्ध्याचे ८, ९, १०, ११ पण.

आता क्यूवर ६.२, क्यू-बारवरही ६.२. पाऊण तास चालवला, ट्रान्सफॉर्मर कोमट, दोन्ही मॉसफेट सारखेच. दुकानदाराला अजून सांगितलेले नाही.

एकच राहिले, सुई उचलताना बारीक टिक येते.

तंत्रनिकेतन_मॅडम

ती भजनात ऐकू येते का?

देवगड_सोल्डर

टाळात नाही येत.

निवृत्त_वायरमन

मगे र्‍हवांदे. गणपतीक येतंय, तबकडी पुसून ठेव.