गोराईतल्या जुन्या गोठ्यावरचे वेल कसे काढू?

गोराईला आजोबांच्या वाडीत गोठा आहे, चुन्यातल्या भिंती, वर मंगलोरी कौलं. वेल इतके माजलेत की दार दिसत नाही, गुळवेल ओळखला पण सोनेरी लव असलेल्या शेंगा कसल्या? ओढून काढले तर चालेल का? गोठा वाचवायचाय मला, प्लीज सांगा.

उत्तर १:
ओढू नका हो! हिरवा वेल ओढला की चुना नि कौलं सोबत येतात. बुंध्याशी कापा, वर तसाच वाळू द्या, हलका झाला की थोडा थोडा सोडवा. गुळवेल मात्र चिवट आहे, बुंध्याशी कापला तरी वरून मुळं सोडून जगू शकतो, तोडलेले तुकडे मातीवर पडले तरी फुटतात त्यामुळे सगळे गोळा करा. नंतर भेगा चुन्यानेच भरा, सिमेंटने ओल आत अडकते.

उत्तर २:
दादा ती खाजकुइली!! लव लागली तर आग आग होते. फुल बाह्या, हातमोजे, चष्मा पाहिजेच, आणि वारा असेल तर हातच लावू नका. आधी काठी आपटा, अशा गचपणात घोणस असते.

उत्तर ३:
भिंतीत पिंपळ उगवलाय का तेपण बघा, तो वेलापेक्षा वाईट.